पालक वेगळे आणि एकाची बदली : तुमचे अनुभव लिहा

माझी पुण्याहून नागपूरला बदली झाली तेव्हा लेक सात वर्षांचा होता. वेगळं होतानाच्या संमतीपत्रात माझ्या-त्याच्या भेटीबद्दल एकच ओळ होती, 'पहिला व तिसरा शनिवार, सकाळी 11 ते संध्याकाळी 6'. शुक्रवारी रात्री बस धरायची, 700 किलोमीटर, लॉजवर आंघोळ, सहाला त्याला सोडून पुन्हा बस. एका शनिवारी बागेतल्या बाकावर माझाच डोळा लागला. जाग आली तर हा माझी सॅक मांडीवर घट्ट धरून बसलेला. ते बघून मला रडू आवरेना.

ताब्याची, म्हणजे मूल कोणाकडे राहील याची, ऑर्डर कायमची नसते, परिस्थिती बदलली की ती बदलून मागता येते, हे मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं. मग मी आणि त्याच्या आईनं मिळून अर्ज केला. आता शनिवारांऐवजी अर्धी उन्हाळी सुट्टी माझ्याकडे आणि दिवाळी आलटून पालटून. येतानाचं तिकीट माझं, जातानाचं तिचं, आणि तारखा महिनाभर आधी कळवायच्या. हे सगळं लिहूनच घ्या.

तुमच्याकडे कसं जमवलंत?

*

मला बंगळुरूची नोकरी मिळाली. 'सरळ निघून जा' म्हणणारेच जास्त. मी कोर्टाची परवानगी मागितली. वकीलबाईंनी 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखवला. त्यात आईला मुलाला ऑस्ट्रेलियाला न्यायची मुभा मिळाली होती, आणि न्यायमूर्ती स्वतः मुलाशी बोलले होते. आमच्या वेळी समुपदेशकबाई लेकीशी एकटीशी बोलल्या. तिचा प्रश्न एकच, 'बाबांकडची माझी सायकल तिथंच राहील ना?' राहिली. दर सुट्टीत बाबा सीट थोडी वर करतात.

*

2020 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकाला रोज 5 ते 10 मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं. आम्हाला तशी ऑर्डर मिळाली, पण व्हिडिओ कॉलवर मला नुसता पंखा दिसायचा. 'काय जेवलास' विचारणं सोडलं. दोघांकडे एकेक बुद्धिबळाचा पट मांडला, रोज दोन चाली. आता तोच फोन लावतो.

*

मी आजी. नातू सुट्टीला आला की पहिले दोन दिवस गप्पच. 'आई, घाई करू नका, बोलेल,' असं सुनेनंच फोनवर सांगितलं. ती बॅगेत औषधांची चिठ्ठी आणि चिवड्याचा डबा पाठवते. परत जाताना त्याच डब्यात मी बेसनाचे लाडू भरते. तिलाही आवडतात.