मार्चमध्ये नवेगावबांधला पाणपक्षी उरतात का?

यवतमाळची_लेक
होळी झाली की बाबांना घेऊन पूर्व विदर्भातल्या नवेगावबांध तलावावर जायचा विचार आहे. त्यांचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, पण दुर्बीण हातात आली की जागचे हलत नाहीत. इथे ज्याला विचारावं तो म्हणतो, डिसेंबर-जानेवारीतच जायचं असतं, मार्चमध्ये बदकं गेलेली असतात. खरं आहे का? सारस दिसेल का? आणि सफारी घ्यावी की तलावावरच थांबावं?

पाळीवरचा (अर्जुनी मोरगाव तालुका)
ताई, बिनधास्त या. थंडीत बदकं जास्त असतात हे खरं, पण मला विचाराल तर फाल्गुनच. कारण पाणी. कोहळी पूर्वजांनी बांधलेले आमच्या भागातले तलाव मुळात धानासाठीच. उन्हाळी धानाला तुडुमातून (तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून) पाणी सुटलं की काठ थोडा थोडा उघडा पडत जातो. त्या ओल्या चिखलात किडे, शिंपले, गोगलगायी. आणि त्यांच्या मागे शेकाटे, तुतवार, चिखले, उघड्या चोचीचे करकोचे. हे सगळं काठालाच चालतं, त्यामुळे बसल्या जागी बघता येतं.

बाबांना धोबी पक्षी नीट बघायला सांगा. पिवळ्या डोक्याचा धोबी थंडीत मळकट दिसतो. मार्चमध्ये नराच्या कपाळावर, गालांवर पिवळी पिसं फुटायला लागतात आणि शेवटी अख्खं डोकं हळदीसारखं होतं, मानेमागे काळा पट्टा उमटतो. अर्धा मळका, अर्धा पिवळा असा पक्षी याच दिवसांत सापडतो.

पट्टकादंब दिसले तर नशीब समजा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे, चुकायचं कारण नाही. त्यांना तिबेट-मंगोलियाकडे जायचंय, मध्ये हिमालय आहे. त्यामुळे सध्या पोटभर चरणं आणि अंगावर चरबी चढवणं एवढंच त्यांचं काम. अशा वेळी उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून लोक मुद्दाम थवा उठवतात, त्याचा मला फार राग येतो. तेवढं आपल्या माणसांनी करू नये.

अडई, काणूक, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी इथलेच, ते कुठे जात नाहीत. काठच्या दगडांवर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दिसली तर पाणमांजराची समजा.

सफारी चांगलीच आहे (1975 पासूनचं राष्ट्रीय उद्यान, 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात), पण तुमच्या बाबांना गाडीचे धक्के कशाला? तलावाची पाळच (बांधच) धरा.

वैनगंगाकाठ (गोंदिया)
सारसाचं मी सांगतो. नवेगावबांधला दिसेलच अशी आशा धरू नका ताई. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः आमच्या गोंदिया भागात, वैनगंगा-बाघ नद्यांच्या आसपास. पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाटला. पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटं करतात, बहुतेक दोन अंडी. उन्हाळ्यात पाणी जिथे शिल्लक असेल त्या तलावावर, नदीवर येतात.

नेमकं ठिकाण इथे लिहीत नाही, राग मानू नका. आधीच विजेच्या तारांनी आमचे सारस गेले आहेत, त्यात गर्दी नको. गोंदियाला आलात तर ज्याचं शेत आहे त्याला विचारा आणि धुऱ्यावरूनच (शेताच्या बांधावरूनच) बघा. माणसाएवढा उंच पक्षी आहे, जवळ जायची गरजच पडत नाही.

यवतमाळची_लेक
दोघांचेही मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते आत्ताच दुर्बीण पुसत बसलेत. सकाळी किती वाजता यावं?

पाळीवरचा (अर्जुनी मोरगाव तालुका)
उजाडायच्या आत. सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरा, नाहीतर सगळे पक्षी काळेच दिसतात. नऊ-साडेनऊनंतर पाण्यावर झळा सुरू होतात, दुर्बिणीत चित्र थरथरतं. बाबांसाठी घडीची खुर्ची आणि टोपी आणा, कपडे मातकट रंगाचे. दुपारी आराम करा, परत चारला या.