मदत हवी आहे: चढावर चेन उडते, रविवारी शर्यत आहे

घाटवेडा_सातारा (बुधवार, रात्री १०:४२)

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी वाई ते पाचगणी शर्यत आहे, पसरणी घाट चढायचाय. आणि माझी चेन जोर लावला की उडते. खाडकन आवाज, पाय मोकळा फिरतो, छातीवर हँडल आदळता आदळता राहतं. दुकानात नेली की तो गिअर 'सेट' करून देतो, स्टँडवर फिरवून दाखवतो, सगळं मस्त. यवतेश्वरच्या चढाला गेलं की परत तेच.

डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर ढकलणारा मागचा भाग) बदलू का? एवढंच सांगा, म्हणजे उद्या मागवतो. वेळ अजिबात नाहीये.

मिरजकर (बुधवार, रात्री १०:५८)

सायकल कुठली? मागे किती गिअर? चेन बाहेर पडते की दातांवरून घसरते? स्टँडवर सगळ्यांच्याच सायकली चांगल्या चालतात हो.

अवधूत_प (बुधवार, रात्री ११:०३)

चेनला मेण लावा. खरंच सांगतो, तेल बंद करून पातेल्यात पॅराफिन वितळवून चेन बुडवायला लागल्यापासून माझ्या सायकलचा आवाजच बंद झालाय. साताऱ्याच्या धुळीत तेल म्हणजे पॉलिश पेपर. आधी पेट्रोलने कंपनीचं ग्रीस पूर्ण काढायचं, नाहीतर मेण धरत नाही.

घाटवेडा_सातारा (बुधवार, रात्री ११:०९)

रोड बाईक आहे, चांगली आहे. चेन बाहेर पडत नाही, घसरते. मेणाबिणाचा प्रश्न नाही, चेन नवी कोरी आहे. डिरेलरचं विचारलंय.

मिरजकर (बुधवार, रात्री ११:१२)

थांबा. नवी कोरी म्हणजे कधी टाकली? आणि उडायला लागली ती चेन टाकायच्या आधी की नंतर?

जुना_खेळाडू (गुरुवार, सकाळी ५:५१)

आमच्या वेळी गिअरच नव्हते, उडणार काय? मुंबई-पुणे शर्यतीत खोपोली आली की खरी शर्यत सुरू व्हायची. बोरघाट चढून जो पहिला वर जाईल तो 'घाटाचा राजा', आणि पुण्यात पहिल्या आलेल्यापेक्षा लोक त्याचंच नाव जास्त दिवस घ्यायचे. माझ्या सायकलला एकच चकती होती. घाटात उभं राहून मारायची, पाय भरून आले की शिव्या द्यायच्या, पण चेन उडाली नाही कधी. हल्लीच्या पोरांना पायांपेक्षा पार्टचीच काळजी जास्त.

प्राची_क (गुरुवार, सकाळी ७:२०)

काका, किस्से फार आवडतात तुमचे, वेगळा धागा काढा ना त्यांचा. इथे त्या बिचाऱ्याची रविवारी शर्यत आहे.

घाटवेडा, मिरजकरांच्या प्रश्नाचं उत्तर द्या आधी. तेच महत्त्वाचं आहे.

रानोमाळ (गुरुवार, सकाळी ८:०२)

उजव्या बाजूला पडली होती का सायकल? किंवा टेम्पो, एसटीच्या टपावरून कुठे नेली होती? माझी पैज, हँगर वाकलाय. डिरेलर ज्या छोट्या पत्र्यावर लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे मार बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. मागे उकिडवे बसून बघा. डिरेलरच्या दोन छोट्या चाकांची रेघ कॅसेटच्या (मागच्या गिअरच्या चकत्यांचा संच) चकतीला समांतर दिसायला हवी. तिरकी दिसली की विषय संपला.

घाटवेडा_सातारा (गुरुवार, सकाळी ९:३५)

कामाला निघालोय, घाईत लिहितोय. मागे ८, पुढे २, शिमानोचे क्लॅरिस गिअर. चेन दिवाळीनंतर टाकली, जुनी फार ताणली होती. उडायला त्यानंतरच लागली, पण नवी चेन आहे म्हटल्यावर चेनचा प्रश्न येतोच कुठे? एसटीच्या टपावर कोल्हापूरहून आणली होती एकदा, त्याचा काय संबंध?

मिरजकर (गुरुवार, सकाळी ९:४१)

संबंध आहे, पण त्याच्या आधी हे वाचा. चेन ताणते म्हणजे पिना झिजतात आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं. त्या वाढलेल्या अंतरानेच जुनी चेन कॅसेटचे दात खात बसते. दोघं बरोबर झिजतात, म्हणून त्यांचं एकमेकांशी जमतं. आता नव्या चेनचं अंतर बरोबर अर्धा इंच, दात मात्र जुन्या चेनच्या मापाने झिजलेले. जोर आला की नवी चेन दातावर चढते आणि पुढच्या दातावर आदळते. डिरेलर बदलून काहीही होणार नाही. पैसे वाया जातील.

एकच सांगा: सगळ्या गिअरवर उडते की ठरावीक?

रानोमाळ (गुरुवार, सकाळी ९:५०)

मिरजकर, एसटीच्या टपावरून आली म्हणतायत ते! तरी कॅसेटच? त्या टपावर सायकल उजव्या बाजूला आडवी टाकतात, वर कुणीतरी कांद्याची पोती चढवतं.

मिरजकर (गुरुवार, सकाळी ९:५५)

हँगर वाकला असता तर स्टँडवरही गिअर नीट पडले नसते, एकीकडे सेट केला की दुसरीकडे बिघडला असता. त्यांची स्टँडवर मस्त चालते, फक्त जोर लावला की उडते. दोन्ही एकदम असू शकतं, पण मूळ कॅसेटच.

अवधूत_प (गुरुवार, सकाळी १०:१५)

मेण लावलं असतं तर चेन एवढी झिजलीच नसती.

प्राची_क (गुरुवार, सकाळी १०:१८)

आता मेण लावून दात परत उगवणार आहेत का?

लांबपल्ला (गुरुवार, सकाळी ११:००)

या शर्यतींच्या भानगडीत पडताच कशाला? ब्रेव्हे करा, म्हणजे ठरलेलं लांब अंतर ठरलेल्या वेळात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. चारही एका मोसमात केले की सुपर रँडोनियर. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका पूर्व-पश्चिम ओलांडणारी रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली ती अशाच लांब पल्ल्याच्या सरावावर. घाटात बारा-तेरा किलोमीटर छाती फुटेस्तोवर पळून काय मिळतं, एक ट्रॉफी आणि पुढाऱ्याबरोबर फोटो.

साधी_सायकल (गुरुवार, सकाळी ११:२४)

अमेरिका पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडतात, उलट नाही. आणि फोटोचं म्हणाल तर आमच्याकडे पहिल्या बक्षिसाच्या पाकिटावर पोरांचं महिन्याचं दूध-अंडी निघतात. शेताच्या रस्त्याला साध्या बिगरगिअर सायकलवर सराव करून जत्रेच्या शर्यतीत उतरणारी पोरं आहेत सांगली-कोल्हापूरकडे. त्यांना ब्रेव्हेचं पदक दाखवा.

अवांतर: रविवारी हायब्रिड गट आहे का कुणाला माहीत? गेल्या वर्षी आमच्याकडे हायब्रिड गटात एक महाशय रोड बाईकचं ड्रॉप हँडल लावून आले, एमटीबी (माउंटन बाईक) गटात एकाने पातळ टायर घातले होते. तक्रार केली तर आयोजक म्हणतात, 'आता झेंडा पडलाय, पुढच्या वेळी बघू.'

आठवडी (गुरुवार, दुपारी १२:१०)

हायब्रिडचं माहीत नाही, पण वयाचा दाखला मूळ घेऊन जा. झेरॉक्सवर १६ वर्षांखालच्या गटात मिशीवाले उतरतात म्हणून आता कडक झालेत.

सायली_खाऊ (गुरुवार, दुपारी १२:४४)

शर्यतीच्या आदल्या रात्री साबुदाणा खिचडी नको, शेंगदाण्याने पोट जड होतं. भात-वरण-तूप पोटभर. सकाळी शर्यतीच्या दोन-अडीच तास आधी पोहे किंवा केळी-गूळपोळी. घाटात काहीही नवीन खाऊन बघू नका.

घाटवेडा_सातारा (गुरुवार, दुपारी १:३०)

खाण्याचं कुणी विचारलं नव्हतं, पण ठीक आहे.

@मिरजकर, सगळ्या गिअरवर नाही. सर्वात मोठ्या चकतीवर बसून चढतो तेव्हा काही होत नाही. यवतेश्वरला मध्ये चढ जरा हलका होतो तिथे मी दोन-तीन चकत्या खाली, लहान चकतीवर टाकून उभा राहतो, तिथेच उडते. रोजच्या हायवेच्या सरावालाही मी त्याच गिअरवर असतो.

मिरजकर (गुरुवार, दुपारी १:३८)

मग झालं. रोज ज्या चकत्यांवर असता त्याच झिजल्या. मोठी चकती कमी वापरली म्हणून ती ठीक. उजेडात बघा: त्या मधल्या चकत्यांचे दात एका बाजूला कललेले, टोकाशी सुऱ्यासारखे दिसतील. मोठ्या चकतीचे दात शेजारी धरून बघा, फरक कळेल.

आता खरा प्रश्न, जुनी चेन कुठे आहे?

घाटवेडा_सातारा (गुरुवार, दुपारी २:०५)

जुनी चेन? दुकानातच राहिली असणार. तिचं काय करायचं?

मिरजकर (गुरुवार, दुपारी २:११)

तीच परत टाका. त्या कॅसेटचं त्या चेनशीच जमतं. रविवारी त्यावर पळा, शर्यतीनंतर नवी कॅसेट आणि नवी चेन एकदम. ऑनलाइन कॅसेट मागवली तर शनिवारी येईल न येईल, आणि आली तरी जुनी काढायला लॉकरिंगचा पाना न् चेन व्हिप तुमच्याकडे आहे का?

पुढच्या वेळेसाठी: पोलादी पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा, बरोबर १२ इंचांवर पिनेचा मध्य यायला हवा. अर्धा सूत (इंचाचा सोळावा भाग) पुढे गेली की चेन बदला. एक सूत गेली असेल तर कॅसेटही गेली समजा.

रानोमाळ (गुरुवार, दुपारी २:४०)

मस्त सल्ला! ताणलेली चेन घेऊन शर्यतीत उतरा! घाटात तुटली तर? पसरणीच्या वळणावर चेन तुटून खाली पडलेला माणूस पाहिलाय मी. आणि येताना उतार आहे हे लक्षात आहे ना.

मिरजकर (गुरुवार, दुपारी २:४६)

चेन ताणल्याने तुटत नाही, चुकीची जोडल्याने तुटते. जुनी पिन परत ठोकू नये, एवढं मात्र खरं. ८ स्पीडची क्विक लिंक (पिन न ठोकता चेन जोडायची कडी) घ्या, कुठल्याही बऱ्या दुकानात मिळते. जोडल्यावर चेन उलटी फिरवून बघा, एखादी कडी अखडलेली असेल तर डिरेलरच्या चाकातून जाताना उचकी लागल्यासारखी उडी मारते.

प्राची_क (गुरुवार, दुपारी ३:०२)

+१. मीही एकदा आयत्या वेळी जुन्या चेनवर पळाले आहे. आवाज येतो, पण उडत नाही.

आणि घाटवेडा, मागची सर्वात मोठी चकती २८ दातांचीच असेल तर शर्यतीनंतर ३२ किंवा ३४ ची कॅसेट बघा. पुढे ३४, मागे २८ दातांवर मिनिटाला पॅडलच्या ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साधारण नऊ किलोमीटर होतात. त्याच्या खाली वेग गेला की गुडघ्यावर येतं. ३४ टाकायची तर डिरेलरचा पिंजरा (दोन छोटी चाकं धरणारा भाग) लांब आहे का ते आधी पाहा, चेनही थोडी लांब लागेल.

जुना_खेळाडू (गुरुवार, सायंकाळी ५:३०)

३४ दातांची चकती! त्यापेक्षा चालत जा की.

आठवडी (गुरुवार, सायंकाळी ६:१५)

तुम्ही चेनचं बोलताय, मला रस्त्याचं टेन्शन आहे. कारखाने चालू आहेत, पहाटेपासून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. वाईच्या अलीकडे रस्त्यावर पाचट आणि उसाची कांडकी पडलेली असतात, पातळ टायर त्यावरून सरकतो. जानेवारीत पुणे ग्रँड टूर शर्यतीसाठी चारशे सदतीस किलोमीटरचे रस्ते गुळगुळीत केले, पोलीस, बंद रस्ते, सगळं. गावच्या शर्यतीला एक तास रस्ता बंद ठेवा म्हटलं तर होमगार्डचे दोन जण.

साधी_सायकल (गुरुवार, सायंकाळी ६:३१)

आणि आयोजकांच्या कार्यकर्त्यांच्या मोटरसायकली! आपल्या गावच्या पोराच्या पुढे गाडी लावून त्याला वाऱ्याच्या आडोशाने ओढत नेतात. घाटात वेग कमी म्हणून आडोशाचा तेवढा फायदा नाही, पण घाटाच्या पायथ्यापर्यंत तो पोरगा ताजा राहतो ना. ग्रँड टूरसारखी यूसीआय (आंतरराष्ट्रीय सायकल महासंघ) २.२ दर्जाची स्पर्धा आपल्या जिल्ह्याशेजारी झाली याचा आनंद आहेच, पण तिथे पंचाने गाडीच्या आडोशाला दंड ठोकला असता.

लांबपल्ला (गुरुवार, सायंकाळी ७:००)

ब्रेव्हेला मोटरसायकल नसते.

घाटवेडा_सातारा (शुक्रवार, रात्री ८:५०)

दुकानात जाऊन आलो. मालक म्हणाला भंगारात टाकली असेल. शेवटी मागच्या डब्यातून माझी चेन मीच शोधून काढली, गाठ मारून ठेवलेली होती म्हणून ओळखली. पट्टी लावली, सुतापेक्षा जास्त. रॉकेल मिळालं नाही, डिझेलने धुतली, क्विक लिंक टाकून बसवली. दात पाहिले, मधल्या तीन चकत्या साफ कललेल्या आहेत.

संध्याकाळी यवतेश्वर मारलं. उभं राहून जीव खाऊन दाबली, एकदाही उडाली नाही. फक्त सर्वात मोठ्या चकतीवर खडखड येतेय, आधी नव्हती.

रानोमाळ (शुक्रवार, रात्री ८:५४)

हँगर.

मिरजकर (शुक्रवार, रात्री ८:५७)

ताणलेली चेन कमी झिजलेल्या चकतीवर आवाज करणारच. चालवा. पण केबलचा ताण पाव फेरी कमी-जास्त करून बघा, रानोमाळांच्या समाधानासाठी मागून एकदा रेघही बघा.

घाटवेडा_सातारा (शुक्रवार, रात्री ९:२०)

बघितली. किंचित तिरकी दिसतेय. पण आता शर्यतीआधी हात लावणार नाही. कॅसेट मागवतोय, ११-३२. नवी चेन पिशवीत भरून ठेवली.

रानोमाळ (शुक्रवार, रात्री ९:२२)

हे घ्या! काल सकाळपासून काय सांगत होतो? कॅसेटबरोबर हँगरही मागवा, तुमच्या मॉडेलचाच, वेगळा बसत नाही.

अवधूत_प (शुक्रवार, रात्री ९:४०)

नवी चेन पिशवीतच आहे तर लावायच्या आधी मेणात बुडवा ना.

नवखा_बारामती (शनिवार, सकाळी ६:१२)

सगळा धागा वाचला, छान माहिती. माझी पण चढावर चेन उडते. काय करू? अर्जंट आहे.

मिरजकर (शनिवार, सकाळी ६:४०)

सायकल कुठली? मागे किती गिअर?