ऑनलाइन पोर्टफोलिओ आणि आपण मराठवाड्यातले लोक : अनुभव लिहा

दुधनाकाठची
परवा भाच्यानं फोनवर पोर्टफोलिओचं खातं उघडून दिलं. वय, उत्पन्न, पैसे किती वर्षं लागणार नाहीत एवढं सांगायचं. मग ते शेअर, कर्जरोखे आणि सोनं यांत पैसे विभागतात आणि पुढं त्यांचा फंड मॅनेजर बघतो. भराभर प्रश्न येत होते. त्यात एक आला : वर्षभरात तुमची गुंतवणूक २० टक्क्यांनी घसरली तर काय कराल? खाली चार पर्याय. भाचा म्हणाला, मावशी, दाब की पटकन. माझं बोट काही हलेना.

२०१२-१३ चा दुष्काळ आठवला. जालन्याकडच्यांना वेगळं सांगायला नको. आमची सगळी जमीन मोसंबीखाली होती. अण्णांनी विकतच्या टँकरवर बाग जगवायला घेतली. आधी घरातले पैसे गेले, मग आईच्या पाटल्या, आणि उन्हाळा संपायच्या आत भरात आलेली झाडं तोडून सरपणाला दिली. शेजारच्या काकांचीही बाग गेली. पण त्यांचा थोडा कापूस होता, दोन म्हशी होत्या, पोस्टात काही रक्कम होती. त्यांच्या पोरीचं शिक्षण थांबलं नाही. माझं एक वर्ष थांबलं.

म्हणून मला हे विभागून ठेवणं मनापासून पटतं. 'काहीही करणार नाही, थांबेन' हा पर्याय निवडला. निम्मे पैसे शेअरमध्ये आणि बाकी रोखे व सोनं असं आलं. आपल्याकडं जमिनीचा भाव चारचौघांत सांगतात, पण पैसे कुठं ठेवलेत ते घरातल्या बाईलासुद्धा माहीत नसतं. तुम्ही कुणी असं काही केलं असेल तर लिहा. बरं-वाईट दोन्ही लिहा.

माजलगावकर
ताई, बागेचं वाचून कसंतरी झालं. आमच्याकडं बाग नव्हती, वडलांची ग्रॅच्युइटी होती. सगळी एका मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या सहकारी सोसायटीत, कारण व्याज बँकेपेक्षा जास्त आणि चेअरमन ओळखीचे. शटर पडलं ते पडलंच. तेव्हा कळलं की ५ लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थेला आणि मल्टिस्टेट सोसायटीला नाही. वडील अजून ठेवीदारांच्या बैठकीला जातात, पावत्यांची पिशवी घेऊन.

त्यामुळं मी कुठंही पैसे टाकताना परतावा नंतर विचारतो. पहिला प्रश्न, माझे पैसे नेमके कुणाच्या ताब्यात राहणार? म्युच्युअल फंडात शेअर आणि रोखे कस्टोडियनकडं, म्हणजे ते सांभाळणाऱ्या वेगळ्या संस्थेकडं असतात, वर विश्वस्त असतात. फंड चालवणारी कंपनी बुडाली तरी तिच्याकडून ज्यांचं येणं आहे त्यांना त्याला हात लावता येत नाही. भाव पडेल तो पडेल. पण चेअरमन पैसे घेऊन पळाला, असं होत नाही. मला एवढंच पाहिजे होतं.

गोदाकाठ
@माजलगावकर आमच्या गल्लीत तीन घरं अशी आहेत. एका काकूंनी पोरीच्या लग्नाचे ठेवले होते.

अंबाजोगाईची सून
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. मी सासूबाईंच्या भिशीतून सुटलेले पैसे टाकायचं ठरवलं तर केवायसीच होईना. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच स्पेलिंग. बायकांनो, आधी तिन्हीकडं नाव एक करून घ्या, मग ॲप उघडा. मला पॅनची दुरुस्ती करावी लागली, राजपत्राची भानगड लागली नाही, लग्नाच्या दाखल्यावर काम झालं.
शिट्टी झाली. येते परत.

उदगीर सीए
धाग्यात दोन-तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत, म्हणून लिहितो.

म्युच्युअल फंड १००-५०० रुपयांपासून. त्यातच मल्टि ॲसेट नावाचा प्रकार आहे. त्यात किमान तीन प्रकारांत, प्रत्येकी निदान १० टक्के पैसे ठेवावेच लागतात, तो नियमच आहे. दुसरं म्हणजे शेअरच्या तयार टोपल्या. त्यात शेअर तुमच्याच डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या खात्यात येतात आणि मॅनेजर बदल सुचवतो. तिसरं पीएमएस, म्हणजे मॅनेजर तुमच्या एकट्याचा पोर्टफोलिओ तुमच्याच नावावर चालवतो. त्याला किमान ५० लाख लागतात. आधी २५ होते, २०२० पासून ५० झाले. त्यामुळं कुणी '५० हजारांत पीएमएस' म्हणत असेल तर फोन ठेवून द्या. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या साइटवर नोंदणी क्रमांक बघता येतो. पीएमएसचा आयएनपीनं सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएनं.

आणि एक, जे कुणी सांगत नाही. फंडाच्या आत मॅनेजर शेअर विकतो, दुसरे घेतो, तेव्हा तुम्हाला कर लागत नाही. तुम्ही युनिट, म्हणजे फंडातला तुमचा वाटा, विकाल तेव्हाच लागतो. टोपलीत आणि पीएमएसमध्ये मात्र प्रत्येक विक्री तुमच्या नावावर होते. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर १.२५ लाखावरच्या नफ्यावर १२.५ टक्के. दर तिमाहीला उलथापालथ करणारी टोपली कागदावर छान दिसते. मार्चअखेर माझ्या टेबलावर तिचा हिशेब येतो तेव्हा लोकांचे चेहरे बघवत नाहीत.

वसमत हळद
सर मला एक सांगा, हे सगळे एसआयपी म्हणतात, म्हणजे फंडात महिन्याला ठरलेला हप्ता. आमच्याकडं महिन्याला कुठून येणार? हळद निघती फेब्रुवारी ते एप्रिल, शिजवून वाळवून बाजारात न्यायची, पैसा एकदाच येतो. पहिल्या वर्षी जूनपासून माझे हप्ते बाऊन्स व्हायले, बँकेनं दंड लावला.
आता विक्रीची पट्टी आली की खतं-बियाणं आणि घरखर्चाचे बाजूला काढतो, उरलेले लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, लागतील तेव्हा लवकर काढता येणारा) टाकतो आणि तिथून दर महिन्याला थोडे थोडे दुसऱ्या फंडात जातात. एसटीपी म्हणतात त्याला. बँकेच्या खात्याचा संबंधच येत नाही. शेतकऱ्यांनी हेच करावं.

दुधनाकाठची
@वसमत हळद हे मला ठाऊकच नव्हतं. भावाला वाचून दाखवते.

औसा ते औंध
मला ताईंच्या त्या प्रश्नाबद्दल बोलायचंय. ॲप वय विचारतं, पगार विचारतं. 'तुमच्याकडं पाऊस पडला नाही तर काय कराल' हे कुणी विचारत नाही. लातूर बाजारात २०२१ ला सोयाबीन १० हजारांच्या आसपास गेलं. २०२४ ला हमीभाव ४८९२ होता आणि लोकांनी त्याच्याही खाली विकलं. ज्याचं घर या भावावर चालतं त्यानं आधीच इतकी जोखीम घेतलेली असते, की त्याला आणखी निम्मे पैसे शेअरमध्ये टाक म्हणणं मला बरोबर वाटत नाही. गावाकडं माझ्या थोरल्या भावाला मी सरळ सांगितलं, तू रोखे आणि सोनंच ठेव.

उदगीर सीए
@औसा ते औंध यावर माझं मत उलटं आहे. २०१४ ला आपल्याकडं पाऊस नव्हता. त्याच वर्षी सेन्सेक्स जवळजवळ ३० टक्के चढला. मांजरा आटली म्हणून मुंबई-बंगळूरच्या कंपन्यांचा नफा आटत नाही. शेतकऱ्याची सगळी मिळकत एका जिल्ह्याच्या आभाळावर असते, म्हणून त्याला तर बाहेरच्या धंद्यांत थोडा वाटा हवाच. खरं विभागणं तेच. प्रमाण किती, हा वेगळा प्रश्न.

औसा ते औंध
सर, मुद्दा मान्य आहे. पण २०१५ ला आपल्याकडं दुसरा दुष्काळ पडला आणि सेन्सेक्सही खालीच बंद झाला. त्या वर्षी भावाला पैसे लागले असते तर? दोन्ही एकदम पडू शकतं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा घागरी घेऊन रांगेत आमचीच माणसं होती. त्या वेळी हातात रोकड लागते, पोर्टफोलिओ नाही.

उदगीर सीए
बरोबर, म्हणून पूर्ण एका हंगामाचा खर्च आधी बँकेत किंवा लिक्विड फंडात. त्याला हात लावायचा नाही. त्याच्यानंतरचे पैसे शेअरमध्ये. नोकरदाराला सहा महिन्यांचा खर्च सांगतात, आपल्या शेतकऱ्याला मी वर्षाचा सांगतो. एवढं केलं की मग भावाला शेअरपासून अगदीच लांब ठेवू नका.

औसा ते औंध
एवढं असेल तर चालेल. पाडव्याला गावी जातोय, बोलतो त्याच्याशी.

एसटी पेन्शनर, परभणी
नमस्कार मंडळी. मी महामंडळातून निवृत्त. २३ मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून जास्त पडला, तो दिवस मला लख्ख आठवतो. टाळेबंदी, घरात बसून, मोबाइलवर लाल आकडे. पोरगा म्हणाला, बाबा काढून घ्या. माझे पैसे एका समतोल पोर्टफोलिओत होते. मॅनेजरनं त्याच आठवड्यात रोख्यांतला काही भाग विकून शेअर घेतले, तसा ईमेल आला. मला वाटलं या माणसाला वेड लागलं. मग मी त्यांच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या मुलीनं शांतपणे सांगितलं, काका, शेअरचं प्रमाण ठरल्यापेक्षा खाली आलंय, ते परत जागेवर आणायचं हा आपल्या करारातलाच नियम आहे, चढलं की असंच विकतोही. वर्ष संपायच्या आत सगळं भरून निघालं. मी एकटा असतो तर त्या दिवशी विकत घ्यायची हिंमत मला कधीच झाली नसती. फी देतो ती त्यासाठी देतो असं मला वाटतं.

नायगाव बाजार
काका नमस्कार 🙏 तुम्ही परभणी-नांदेड गाडीवर होता का? चेहरा आठवेना पण असे शांत बोलणारे एक वाहक होते.

एसटी पेन्शनर, परभणी
मी जिंतूर आणि पाथरी मार्गावर होतो. नांदेडचे ते दुसरे असतील.

नायगाव बाजार
फीवरून आठवलं. रेग्युलर प्लॅन (एजंटमार्फत) आणि डायरेक्ट प्लॅन (थेट फंड कंपनीकडून) यात खर्चाचा साधारण अर्धा ते एक टक्का फरक असतो. डायरेक्ट २०१३ पासून आहे. एक टक्का म्हणजे काय ते माझ्या पोरीनं गणित करून दाखवलं. १० लाख २० वर्षं, ११ टक्क्यांनी ८० लाखांच्या वर जातात, १० टक्क्यांनी ६७ लाख. तेरा लाखांचा फरक. वहीत बघूनही खरं वाटंना.

घनसावंगी
@नायगाव बाजार गणित खरं आहे. तरी मी रेग्युलरमध्येच आहे. नवरा अचानक गेला. काय कुठं आहे मला काही माहीत नव्हतं. आमच्या गावचे एजंट भाऊ स्वतः घरी आले. मृत्यूचा दाखला, माझं केवायसी, रद्द केलेला चेक, सगळे फॉर्म त्यांनी भरले. नॉमिनी मी होते म्हणून महिन्याच्या आत युनिट माझ्या नावावर झाले. त्यांचं कमिशन मला जड वाटत नाही. ज्याला स्वतः जमतं त्यानं डायरेक्ट घ्यावं. मला तेव्हा दार वाजवणारं माणूस हवं होतं.

दुधनाकाठची
ताई 🙏 तुम्ही लिहिलंत, फार बरं केलंत.

अंबाजोगाईची सून
@घनसावंगी माय, वाचून थांबले. आज रात्री ह्यांना सगळं वहीत लिहायला लावते.

माजलगावकर
एक सावध करायचं होतं. बीडमध्ये सध्या व्हॉट्सॲप ग्रुपचं पेव फुटलंय. मोठ्या फंडाचं नाव आणि लोगो लावतात, ॲपमध्ये रोज नफा दिसतो, काढायला गेलं की आधी 'टॅक्स भरा' म्हणतात. माझ्या मित्राचे गेले. खूण सोपी आहे. खऱ्या फंडात पैसे तुमच्याच बँक खात्यातून जातात आणि विकल्यावर तुमच्याच नोंदवलेल्या खात्यात येतात. कुणा माणसाच्या नावाच्या यूपीआयवर किंवा भलत्याच ट्रेडर्सच्या खात्यावर पैसे मागितले की समजायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन, तास-दोन तासांत केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते.

गोदाकाठ
१९३० लिहून घेतलं.
जायकवाडीत पाणी किती आहे सध्या? इकडं रब्बीचं पाणी सोडणार म्हणतात.

वसमत हळद
@गोदाकाठ आमच्याकडं येलदरीचं आवर्तन सुरू झालंय, जायकवाडीचं माहीत नाही.

धारूरकर
वडील गेल्यावर पेटीत म्युच्युअल फंडाची जुनी कागदं सापडली, तीसएक वर्षांपूर्वीची. पत्ता जुना, पॅन नाही, कंपनीचं नाव पण आता बदललंय म्हणे. ते पैसे मिळतात का? कुणाला अनुभव?

उदगीर सीए
@धारूरकर मिळतात. फंड कंपन्यांची नावं बदलली, एकमेकांत विलीन झाल्या, तरी युनिट राहतात. असे विसरलेले फोलिओ (फंडातली खाती) शोधायला 'मित्र' नावाची ऑनलाइन सोय २०२५ मध्ये सुरू झालीय, एमएफ सेंट्रल या फंडांच्या सामाईक साइटवरून तिथं जाता येतं. आधी कागदावरचा फोलिओ नंबर आणि योजनेचं नाव नीट वाचून घ्या. नॉमिनी लिहिलाय का ते बघा. नसेल तर वारसाचे कागद लागतील आणि रक्कम मोठी असेल तर कोर्टाचं वारस प्रमाणपत्रसुद्धा.

धारूरकर
नॉमिनीच्या जागी आजीचं नाव दिसतंय. आजी पण नाही आता.

उदगीर सीए
मग वारसांचा मार्ग. तुम्ही भावंडं किती? सगळ्यांच्या सह्या लागतील. ज्यांना हक्क नको त्यांच्याकडून ना-हरकत. वडलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या पाच-सहा प्रती नगरपरिषदेतून आत्ताच काढून ठेवा, प्रत्येक ठिकाणी मागतात.

धारूरकर
तिघं. एक बहीण सोलापूरला असते. दाखला उद्याच काढतो सर, आभारी आहे.