आकडे झाकून शाळा सुधारत नाही

शाळांचे निकाल जाहीर केले की पालक शाळा बदलतात, म्हणून आकडे आतच राहू द्यावेत, असं काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या बडोद्यात सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. त्या शहरातल्या पालकाला आपल्या मुलाच्या शाळेची अवस्था कळू नये?

गुजरातेत 2009 पासून गुणोत्सव झाला. मंत्री, अधिकारी शाळेत यायचे, मुलांचं वाचन, लेखन, गणित तपासायचे, शाळेला श्रेणी मिळायची. पण नुसत्या श्रेणीवरून शाळेकडे शिक्षक किती, खोल्या किती, हे कळत नाही. ते यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीच्या, पत्रकात असतं. प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक आहे, तो टाकून कोणीही बघू शकतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवं. तीन वर्ग एकच बाई सांभाळत असतील तर कमी गुणांचा दोष त्यांच्या माथी मारणं अन्याय आहे.

माझ्या भाचीच्या शाळेच्या पत्रकात संगणक होते. मी जाऊन पाहिलं: खोलीला कुलूप, खिडकीतून दिसत होती प्लॅस्टिकची कव्हरं, वर बोटभर धूळ. पत्रकातला आकडा खोटा नव्हता, पण मुलांच्या उपयोगाचाही नव्हता. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात (निम्म्या जागा बायकांच्या). पुढच्या बैठकीला ते पत्रक छापून न्या आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लावा. आम्ही कुलपापासून सुरुवात केली.