नीम, पाँ द्यु गार, आर्ल : दक्षिण फ्रान्समधले रोमन अवशेष – सल्ला हवा

कृष्णाकाठ
सप्टेंबरच्या मध्यात ल्योंहून रेल्वेने नीमला जाणार आहोत. अडीच दिवस हाताशी, गाडी नाही. मुख्य ओढ रोमन पाणीव्यवस्थेची. पाँ द्यु गारचा पूल बघणारच, पण त्याच्या जोडीला काय बघावं आणि कोणत्या क्रमाने? सोबत वडील आहेत, त्यांना फार जिने चढवत नाहीत.

चुनखडक
आधी तारखा तपासा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास नीममध्ये फेरिया हा उत्सव असतो. रोमन रिंगणात (गोल प्रेक्षागृहात) तेव्हा माणसांच्या बैलांशी झुंजी होतात, पर्यटकांना आत फिरता येत नाही आणि हॉटेलं भरलेली असतात. याच दिवसांत त्या भागात ढगफुटीसारखे पाऊसही होतात. पुलाखालची गार्दों नदी काही तासांत फुगते, त्यामुळे पावसाचा इशारा असेल तर नदीपात्रात उतरू नका.

आता पाणी. हा पूल म्हणजे यूझेस गावाजवळच्या झऱ्यापासून नीमपर्यंत आणलेल्या सुमारे 50 किलोमीटर पाटाचा एक तुकडा. सरळ अंतर 20 किलोमीटरच, पण मधल्या टेकड्यांना वळसा घालावा लागला. एवढ्या लांबीत एकूण उतार साधारण साडेबारा मीटर, म्हणजे किलोमीटरला सरासरी 25 सेंटीमीटर! पुलाच्या 49 मीटर उंचीपेक्षा मला हे जास्त थोर वाटतं. म्हणून आधी डाव्या तीरावरचं संग्रहालय बघा, मग पूल.

खालच्या दोन मजल्यांचे दगड चुन्याशिवाय रचलेत, काही तर सहा टनांचे. भिंतीतून पुढे आलेले दगड परांचीला आधार म्हणून ठेवलेले. काही दगडांवर कोरलेल्या खुणा दिसतील, 'दर्शनी, डावा, तिसरा' अशा अर्थाच्या. दगड कुठे बसवायचा याची ती नोंद. फोटो नदीच्या वरच्या अंगाने काढा, कारण खालच्या अंगाला 1740च्या दशकात रस्त्याचा पूल जोडलाय आणि तो रोमन कमानी झाकतो. वडिलांना मात्र त्याच पुलावरून सपाट चालत नदी ओलांडता येईल.

पाटकरी
+1. माथ्यावरच्या पाटात फक्त मार्गदर्शकासोबत सोडतात, तेव्हा वेळ आधी ठरवून घ्या. वर चढावं लागतं, वडिलांना खालीच थांबू द्या. आत भिंतींवरचा क्षाराचा जाड थर नीट बघा. झऱ्याचं पाणी चुन्याने जड, त्यामुळे थर सतत साचायचा आणि तो खरवडून काढावा लागायचा. पुढे देखभाल सुटली आणि काही ठिकाणी पाटाची निम्म्याहून जास्त जागा थरानेच भरली. मध्ययुगात आसपासच्या लोकांनी हाच थर कापून बांधकामाला वापरला.

पाटाचं दुसरं टोक नीममध्येच आहे, ते चुकवू नका. नाव कास्तेलुम. साडेपाच मीटर व्यासाचा गोल हौद, कडेला शिशाच्या नळांसाठी दहा भोकं आणि तळाला हौद रिकामा करायची तोंडं. शहराचं पाणी इथून वाटलं जायचं. रस्त्यावरूनच दिसतो, तिकीट नाही. बरेच प्रवासी शेजारून निघून जातात, वाईट वाटतं.

पुलाकडे जाणारी बस नीम स्टेशनच्या मागच्या बसस्थानकावरून सुटते. रविवारी फेऱ्या कमी, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. सेरन्याक गावाजवळ पाटाचे खोदीव बोगदे आहेत, छिन्नीच्या खुणांसकट, पण गाडीशिवाय तो हट्ट धरू नका.

कृष्णाकाठ
दोघांचेही खूप आभार. मेझाँ कारे आणि आर्ल एका दिवसात होईल का?

चुनखडक
होईल. नीममधलं मेझाँ कारे हे रोमन देऊळ बाहेरून बघितलं तरी पुरे. दर्शनी पट्टीवरची भोकं शोधा. कांस्याची अक्षरं गेली, खिळ्यांची भोकं उरली. 1758 मध्ये सेगिए या विद्वानाने त्या भोकांवरून लेख लावला आणि देऊळ सम्राट ऑगस्टसच्या नातवांना, गायस आणि लुसियस यांना अर्पण केल्याचं कळलं.

मग रेल्वेने आर्ल, अर्ध्या तासाच्या आसपास. तिथे वेळ कमी पडला तर रिंगण सोडा, पुरातत्त्व संग्रहालय सोडू नका. रोन नदीच्या गाळातून 2011 मध्ये बाहेर काढलेली 31 मीटर लांबीची सपाट तळाची मालवाहू नाव तिथे अख्खी मांडली आहे. मंगळवारी बंद असतं. आर्लच्या चौकाखालची रोमन भुयारी दालनंही छान आहेत, पण पायऱ्या आणि ओल आहे, तिथे तुम्ही एकटेच उतरा.