रशियातून वैद्यकीय पदवी घेऊन परतल्यावर एफएमजीईची तयारी: विषयांचा क्रम कसा लावावा?

मांजराकाठ
नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातली. रशियातील एका शासकीय विद्यापीठात 2019 साली प्रवेश घेऊन जनरल मेडिसिनचा सहा वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. भारतात नोंदणीसाठी आवश्यक असलेली एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांची स्क्रीनिंग परीक्षा, येत्या डिसेंबर सत्रात द्यायची असे ठरवले आहे. तिकडे आमच्या बहुतेक परीक्षा तोंडी असत. टेबलावर उपड्या मांडलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक ‘बिलेट’ उचलायचे, थोडा वेळ कागदावर मुद्दे काढायचे आणि मग प्राध्यापकांसमोर बसून उत्तरे द्यायची. त्यामुळे एखाद्या आजारावर सलग बोलता येते, पण चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटू लागले की माझा हात थांबतो.

बरोबरीचे बहुतेक जण अॅनाटॉमीपासून सुरुवात करून एकोणीस विषय क्रमाने संपवायला सांगतात. हे योग्य आहे का? दिल्लीला गौतम नगर भागात राहून क्लास लावावा, की लातूरलाच अभ्यासिकेत बसून ऑनलाइन व्याख्यानांवर भागवावे? शेवटचा प्रश्न जरा नाजूक आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयातून ‘निकाल लागेपर्यंत रात्रपाळीला येत जा, हातही बसेल’ असा निरोप आला आहे. वडिलांना तो पटला आहे, मला मात्र धाकधूक वाटते.

निशाचर
मी किर्गिझस्तानातून शिकून आलो, ही परीक्षा उत्तीर्ण झालो आणि सध्या विदर्भातील एका शासकीय रुग्णालयात काम करतो. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर परीक्षेच्या गुणविभागणीतच आहे, पण ती विभागणी समोर ठेवून वेळापत्रक आखणारे विद्यार्थी मला फार थोडे भेटले.

एकूण 300 प्रश्न असतात, दीडशेचे दोन भाग एकाच दिवशी होतात आणि प्रत्येक भागाला अडीच तास मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी 150 गुण लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचे कारण नाही. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री यांना प्रत्येकी 17, म्हणजे तिन्ही मिळून 51 गुण आहेत. याउलट मेडिसिन 33, सर्जरी 32, स्त्रीरोग-प्रसूतिशास्त्र 30 आणि पीएसएम, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र, 30, अशा चार विषयांचेच 125 गुण होतात. त्यात बालरोग, नेत्ररोग आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी 15 मिळवले की बेरीज 170 वर जाते. तरीही सवयीने अॅनाटॉमी आधी उघडली जाते, ब्रेकियल प्लेक्ससच्या आकृत्यांत पहिला महिना निघून जातो आणि शेवटच्या आठवड्यात पीएसएमची पाने नुसती चाळली जातात. माझ्या मते हा क्रम उलटा करावा. पीएसएम आणि फार्मॅकोलॉजीने सुरुवात करावी, नंतर पॅथॉलॉजी आणि मेडिसिन जोडीने घ्यावे, आणि अॅनाटॉमीतील नेमके भाग सर्जरी वाचताना ओघात करावेत. त्वचारोग, मानसोपचार, भूलशास्त्र, रेडिओलॉजी अशा विषयांना पाच-पाचच गुण असले, तरी त्यांचा आवाकाही तेवढाच लहान असतो. ते दोन मोठ्या विषयांच्या मध्ये उरकता येतात.

चार पर्यायांची भीती वाचनाने जात नाही. विषय संपल्यावर प्रश्न सोडवू असे म्हणणाऱ्याचा विषय कधी संपत नाही, म्हणून ज्या दिवशी जो धडा वाचाल त्याच दिवशी त्यावरचे प्रश्न सोडवा. चुकलेल्या प्रश्नाखाली बरोबर उत्तर लिहून थांबू नका. उरलेले तीन पर्याय का बाद झाले आणि प्रश्नात काय बदल केला असता तर ते बरोबर ठरले असते, तेही एकेका ओळीत लिहा. बिलेटच्या परीक्षेने आपल्याला कारण मांडायला शिकवले आहे, ते या ठिकाणी उपयोगी पडते. पूर्ण 300 प्रश्नांची सराव परीक्षा प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळेतच द्यावी, कारण दुसऱ्या भागात, दुपारनंतर, सोपे प्रश्न चुकू लागतात.

आकडे सांगणे भाग आहे. उत्तीर्णांचे प्रमाण जून 2024 च्या सत्रात सुमारे 21 टक्के, डिसेंबर 2024 च्या सत्रात सुमारे 30 टक्के आणि जून 2025 च्या सत्रात सुमारे 19 टक्के होते. त्यामुळे ‘पन्नास टक्के तर हवेत, त्यात काय एवढे’ असे घरात कोणी म्हणत असेल, तर त्यांना हे आकडे जरूर दाखवा.

फळ्यासमोर
मी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएम शिकवते, त्यामुळे वरील क्रमाला माझी संमती पक्षपाती मानली तरी हरकत नाही. परंतु परदेशात शिकून आलेल्या विद्यार्थ्यांचे गुण जातात, ते विषय कठीण असल्यामुळे नव्हे. प्रश्न भारतातील असतो आणि उत्तर मनात तिकडचे येते, म्हणून जातात. साधे उदाहरण घ्या. रशियाच्या लसीकरण वेळापत्रकात बीसीजी, म्हणजे क्षयरोगाची लस, जन्मानंतर तिसऱ्या ते सातव्या दिवशी देतात. आपल्याकडे ती जन्मतःच, आणि राहून गेल्यास वर्षाच्या आत देता येते.

आता प्रश्न असा येईल: नऊ महिने पूर्ण झालेले, एकही लस न मिळालेले बाळ वीटभट्टीवरच्या आईने प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले आहे, आज काय द्याल? येथे बीसीजी द्यायची, पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलेंट लसीचा पहिला डोस द्यायचा, तोंडावाटे पोलिओ, इंजेक्शनचा पोलिओ, रोटाव्हायरस आणि न्यूमोकोकल यांचीही सुरुवात करायची, गोवर-रुबेलाचा पहिला डोस द्यायचा आणि सोबत ‘अ’ जीवनसत्त्वाचे एक लाख युनिट पाजायचे. जन्मावेळचा हिपॅटायटिस बीचा डोस मात्र आता नाही, कारण तो 24 तासांच्या आतच देतात. पोलिओचा शून्य, म्हणजे जन्मावेळचा, डोसही पंधरा दिवसांनंतर देत नाहीत. पर्यायांमध्ये हेच दोन डोस पेरलेले असतात. वेळापत्रकाचा तक्ता तोंडपाठ असूनही विद्यार्थी येथे घसरतो, कारण तक्ता वेळेवर आलेल्या बाळाचा असतो आणि प्रश्न उशिरा आलेल्या बाळाचा.

क्षयरोगाचेही तसेच आहे. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगासाठी राष्ट्रीय कार्यक्रमात दोन महिने चार औषधे आणि पुढे चार महिने तीन औषधे दिली जातात. या दुसऱ्या टप्प्यात चारपैकी एथॅम्ब्युटॉल हे औषधही चालूच राहते, हे परदेशी पुस्तकांवर वाढलेल्यांना चटकन आठवत नाही.

न्यायवैद्यकाला दहाच गुण आहेत, पण तेथे जुन्या नोट्स घातक आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले. निष्काळजीपणाने मृत्यूचे 304 अ आता 106 झाले आहे आणि पोलीस पंचनाम्याचे 174 आता 194. ज्येष्ठ मित्राने प्रेमाने दिलेल्या वह्या घ्या, पण या विषयाची वही परत करा.

गोदाकाठचा
दिल्लीच्या प्रश्नावर माझे मत थोडे वेगळे आहे. लातूरमध्ये अभ्यासिकांना तोटा नाही हे मान्य, परंतु तेथे शेजारच्या खुर्चीवर नीटची तयारी करणारा अठरा वर्षांचा मुलगा असतो. घरी पाहुणे आले की ‘आमची डॉक्टर’ म्हणून हाक येते आणि गोळ्या विचारल्या जातात. गौतम नगरात आजूबाजूचे सगळे याच परीक्षेला बसलेले असतात, चर्चा तीच असते आणि कोणी मागे पडले तर ते लपत नाही. ज्यांना एकट्याने शिस्त राखता येत नाही, त्यांना याचा उपयोग होतो. अर्थात तेथील खोल्या कोंदट आणि महाग आहेत, आणि एका वेळी तीन क्लास लावून एकाचेही प्रश्न न सोडवणारे विद्यार्थीही मी तेथेच पाहिले. क्लास लावायचाच असेल तर एकच लावा आणि दुसऱ्याच्या नोट्स खोलीत येऊ देऊ नका.

निवृत्त वैद्यकीय अधिकारी
रात्रपाळीबद्दल स्पष्ट लिहितो, कारण वडिलांना दाखवण्यासाठी आपल्याला काही लेखी हवे असेल. नोंदणी नसताना रुग्ण तपासणे आणि औषध लिहिणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 34 खाली गुन्हा आहे; शिक्षा एक वर्षापर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ‘सही आमच्या डॉक्टरांची राहील’ असे आश्वासन मिळाले, तरी रात्री दोन वाजता खाटेजवळ आपणच उभ्या असाल. माझ्या सेवाकाळात अशाच एका मुलाला मृत्यूच्या प्रकरणात जबाब देताना मी पाहिले आहे. ज्या रुग्णालयाने त्याला बोलावले होते, त्यांनी तो केवळ ‘शिकायला येत होता’ असे सांगून हात झटकले. हात बसायला इंटर्नशिपचे वर्ष आहेच. वडिलांची समजूत आईमार्फत काढावी, असे सुचवतो.

अभ्यासाबाबत एकच भर घालतो. आपल्याकडच्या विषबाधा आणि दंश तिकडच्या वॉर्डात दिसत नाहीत, म्हणून ते प्रकरण स्वतंत्र वाचा. जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटात दुखते म्हणून उठतो, पापण्या जड झाल्या आहेत, गिळता येत नाही, अंगावर सूज नाही आणि चाव्याची खूणही सापडत नाही: हा मण्यार. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतलेले रक्त वीस मिनिटांत गोठते, कारण हे विष मज्जासंस्थेवर काम करते. तेच न गोठल्यास घोणस किंवा फुरसे मनात आणावे. सर्पविषरोधी लसीच्या पहिल्या दहा कुप्या दोन्हीकडे सारख्याच, पण नागाच्या दंशात निओस्टिग्मिन या औषधाने जसा फरक पडतो तसा मण्यारीत सहसा पडत नाही, कारण तिचे विष चेतातंतूच्या टोकावरच घाव घालते. तेथे श्वास सांभाळणे हाच मुख्य उपचार. विंचूदंशासाठी प्राझोसिन या औषधाचा वापर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून रूढ झाला. आपल्याच मातीतला हा प्रश्न चुकू नये.

मांजराकाठ
सर्वांचे मनापासून आभार. कलम 34 चा परिच्छेद वडिलांना वाचून दाखवला; रात्रपाळीचा विषय संपला. लातूरलाच राहण्याचे ठरवत आहे आणि पीएसएम आजच काढले. एक उपप्रश्न: कोविडमुळे दुसऱ्या वर्षातील बराचसा भाग मी गावाकडूनच ऑनलाइन केला होता. त्याची अडचण परीक्षेला येईल की नंतर?

निशाचर
ती मुख्यतः नंतर, म्हणजे राज्य वैद्यकीय परिषदेकडे इंटर्नशिपसाठी तात्पुरती नोंदणी करताना येते. आयोगाच्या 2024 मधील स्पष्टीकरणानुसार, ऑनलाइन झालेला भाग ज्यांनी पुढे प्रत्यक्ष वर्गात बसून पुरेसा भरून काढला आणि त्यानंतर अंतिम परीक्षा दिली, त्यांना एक वर्षाची इंटर्नशिप पुरते. तसे पत्र विद्यापीठाकडून आताच मागवा. त्यात तारखा स्पष्ट असाव्यात, नुसते ‘अभ्यासक्रम पूर्ण’ एवढे वाक्य चालत नाही. आयोगाच्या सूचना वरचेवर बदलत आल्या आहेत, म्हणून अर्जाच्या वेळी संकेतस्थळावरची ताजी सूचना स्वतः वाचा. पदवीवर अपॉस्टिलचा, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीचा, शिक्का नसेल तर तेही काम परीक्षेच्या अर्जापूर्वी करून घ्या. पदवीच्या इंग्रजी भाषांतरात नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच आहे ना, हेही पाहा. रशियन लिपीतून परत येताना ‘ह’ चा ‘ख’ होतो आणि महाजनांचे माखाजान झालेले मी पाहिले आहेत. तसे झाले असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागवण्यापेक्षा विद्यापीठाकडून दुरुस्त भाषांतर मागवणे बरे.