मुलाखतीला सुती साडी: निऱ्या फुगतात, पदर घसरतो

प्रश्न: पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे. सुती साडी नेसणार आहे, पण खळ घातली की निऱ्या फुगतात आणि पदर खांद्यावर राहत नाही. काय चुकतंय?

उत्तर १: खळ दाट होतेय, ताई. दोन चमचे कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून लिटरभर उकळत्या पाण्यात ओता, पारदर्शक झालं की गाळा आणि आणखी दोन लिटर पाणी घाला. न गाळल्यास गडद रंगावर पांढरे डाग पडतात. साडी सावलीत वाळवा, किंचित ओलसर असतानाच इस्त्री करा. पूर्ण सुकल्यावर चुण्या निघत नाहीत.

उत्तर २: परकर सुतीच घ्या, सॅटिनच्या परकरावर साडी सरकते. चप्पल घालूनच नेसा, नाहीतर उंची हमखास चुकते. निऱ्या खोचण्याआधी वर एक पिन लावा. पदराच्या निऱ्या चार बोटं रुंद घडवून पिन ब्लाउजच्या आतून लावा. पिनेत आधी एक मणी ओवला तर कापड फाटत नाही. मग खुर्चीत दहा मिनिटं बसून पाहा. उभं राहून आरशात सगळंच छान दिसतं!

उत्तर ३: पाऊस असेल तर खळ नकोच, दमट हवेत साडी मऊ पडून लोंबते. तेव्हा कॉटन-सिल्क बरी. आणि काचेच्या बांगड्या घरी ठेवा, टेबलावर वाजतात.